पान नऊवरचं वाक्य

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

“पंप म्हणजे कुबडी, मिस्त्री. कुबडी टाकली की पाय आठवतात.”

अकरा वर्षांपूर्वी तू आमच्या ओट्याला टेकून हे म्हणाली होतीस. तुझ्या हातात चहाचा कप होता आणि माझा नवरा दारात धापा टाकत उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत भुसा. तू नुकतीच तुझी योगाची पुस्तिका छापून आणली होतीस आणि हेच वाक्य तिच्यात पान नऊवर जाड ठशात होतं. मिस्त्रींनी ते पान कापून हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मी तेव्हा हसले होते. ते हसू आता मागे घ्यावं लागणार असं दिसतंय, म्हणून हे पत्र.

गेले सहा महिने ते रोज सकाळी कारखान्यात, काम सुरू करायच्या आधी, फळीवर सतरंजी टाकून तुझा अभ्यास करतात. तू फोनवर पाठवलेला तुझा आवाज लावतात: श्वास घ्या, सोडा, सोडताना दुप्पट वेळ. लहानपणी तू मला शाळेसाठी उठवायचीस तोच आवाज, तेवढाच दटावणीचा. माझ्या नवऱ्याला रोज सकाळी माझी बहीण उठवते, यावर मी काही बोलत नाही, पण नोंद घेतली आहे.

खरं सांगायचं तर फरक आहे. जिना चढून आल्यावर बोलू शकतात. चिडचिड कमी झाली आहे. श्वासाचा जोर मोजायला फुंकायच्या त्या नळीवर, जिला ते पिपाणी म्हणतात, आधी तीनशे दहाच्या पुढे काटा जात नसे. आता तीनशे नव्वदला टेकतो. प्रत्येक आकडा तारीख घालून पेन्सिलने भिंतीवरच्या फळीवर लिहितात, जसं काही टेबलाचं माप घेतलंय.

आणि मुख्य बातमी. वीस फेब्रुवारीपासून त्यांनी रोजचा पंप बंद केला आहे. दम लागला तर मारायचा तो निळा पंप खणात आहे, पण त्यालाही हात लावलेला नाही. रोजचा पंप घेतल्याबरोबर काही वाटत नाही, मग तो करतो तरी काय, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी तो मनाने सोडायचा नाही म्हणून बजावलं होतं. त्यांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही.

मला आनंद झालाय आणि भीतीही वाटतेय. तू यातली जाणती. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू वर्गातल्या आवाजात बोलतेस, मी मुकाट्याने पाठ ताठ करून बसते आणि विचारायचं राहूनच जातं. तेव्हा लेखी विचारते: हे बरोबर आहे ना? तू म्हणशील तसं करू.

लोभ आहे तो असाच वाढता ठेव, आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी
धाकटी


१७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं. तीनशे नव्वद. तिला पिपाणी म्हणजे काय तेही समजावून सांगितलं, त्यात तिचं दूध उतू गेलं.

तुला आठवतं ना, बाबा मला पाहुण्यांसमोर ‘आमची वाकडीतिकडी’ म्हणायचे. काका माझ्या आसनांची नक्कल करायचे आणि घरभर हशा व्हायचा. त्या घरात न हसणारा पहिला माणूस तुझा नवरा. माझ्या पहिल्या वर्गासाठी बसायचा मंच त्यांनीच करून दिला होता, एकाही खिळ्याशिवाय. त्या माणसाला माझ्यामुळे श्वास मिळाला असेल तर मला या जन्मात आणखी काही नको.

आता माझी बातमी. इथल्या मोठ्या रुग्णालयाने मला बोलावलं आहे. दम्याच्या तीस रुग्णांसाठी योगवर्ग, आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. आधी आणि नंतर सगळ्यांची तपासणी होणार, कुणाला किती फरक पडला ते छापून येणार. छातीच्या डॉक्टरीणबाई प्रमुख आहेत. त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नाही. त्या खोलीत शिरल्या की माझीसुद्धा पाठ ताठ होते, तुझ्यासारखी. त्यांच्या अटी पानभर आहेत, त्या लिहून तुला कंटाळा आणत नाही. दोन मेला उद्घाटन. सोळा वर्षं मी शाळांच्या व्यायामशाळांत, दुसऱ्यांच्या घामट चटयांवर वर्ग घेतले. आता दारावर माझ्या नावाची पाटी लागणार आहे.

एक काम कर. त्या फळीवरचे आकडे तारखांसकट उतरवून पाठव, आणि मिस्त्रींचा एक फोटो, कारखान्यातला, हसरा. उद्घाटनाला मला दोन शब्द बोलायचे आहेत. घरचं उदाहरण असलं की लोकांना लवकर पटतं. नाव घेणार नाही, सुतारकाम करणारे एक गृहस्थ, एवढंच म्हणेन.

डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे ओघाने आलंच.

मिस्त्रींना सांग, श्वास सोडताना खांदे पाडायचे. ते खांदे उचलतात, मला इथूनही दिसतं.

पत्राला पत्र देत जा, म्हणजे माया पातळ होत नाही.

तुझी
ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आकडे सोबत आहेत, फोटोही. फोटोत ते हसलेले नाहीत. हसा म्हटलं की ते फोटो काढणाऱ्याचंच माप घेत असल्यासारखे बघतात.

आकडे नीट पाहा. दहा मार्चपर्यंत चढते आहेत, मग आठवडाभर थांबलेत, आणि आता उतरताहेत: तीनशे सत्तर, तीनशे चाळीस. कालचा आकडा त्यांनी लिहिलाच नाही. विचारलं तर म्हणाले, पेन्सिल बोथट झाली होती. सुताराच्या घरात पेन्सिल बोथट.

ग्रंथालयाच्या कपाटांचं काम आलं आहे, चौदा उंच कपाटं. लाकूड कडक, नुसतं घासायलाच पंधरा दिवस जातील. तोंडाला फडकं बांधतात, पण बोलताना ते खाली ओढतात आणि बोलायचं थांबत नाहीत. पहाटे खोकला येतो. मी उठून बसले की म्हणतात, भुसा आहे, जाईल.

मी डॉक्टरांकडे चला म्हटलं. त्यावर म्हणाले, आत्ता गेलो तर पहिला प्रश्न पंप का सोडला, की लगेच ताईंचं नाव निघणार. त्यांचं उद्घाटन तोंडावर आलंय, त्यांच्या वाटेत आपण काटे कशाला पसरायचे? तुझी काळजी करणारा असा माणूस तुला सख्ख्या नात्यात मिळाला नसता.

तू ‘ओघाने आलंच’ असं लिहिलंस. ते ओघाने आमच्यापर्यंत पोचलेलं नाही, ताई. माझं त्यांना पटत नाही, तुझं पटतं. एका ओळीत लिही की पंप पुन्हा सुरू करा. किंवा करू नका असं लिही. पण लिही.

उत्तर आलं की लोभ आहे असं समजेन.

तुझी
धाकटी


२४ एप्रिल

ताई,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, तेव्हा तो राहू दे.

तीस मार्चच्या पत्राला उत्तर आलं नाही. उद्घाटनाची छापील पत्रिका मात्र आली, मागे तुझ्या अक्षरात ‘दोघांनी नक्की या’. ती आली त्या दिवशी मिस्त्रींच्या घशात नळी होती.

अकरा तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास ते शेवटच्या कपाटाची कड घासत होते. दम लागला. निळा पंप तीन हातांवरच्या खणात होता. ते तिकडे गेले नाहीत. स्टुलावर बसले, पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि तू शिकवलंस तसा श्वास लांबवायला लागले. घाबरायचं नाही, सोडताना दुप्पट वेळ. हे त्यांनीच शुद्धीवर आल्यावर सांगितलं. आकडे मोजत होते, पुढे मोजायचे आकडे आठवेनासे झाले. वीस मिनिटं तरी गेली. तुझ्या शिकवण्यात कुठे कमी पडलं नाही. ते अगदी नीट बसले होते. खांदेसुद्धा पाडले होते.

ग्रंथालयातल्या बाई काम पाहायला आल्या होत्या. त्यांना मिस्त्रींचे ओठ काळेनिळे दिसले. गाडी यायला आणखी अकरा मिनिटं.

चार दिवस यंत्रावर, एकूण नऊ दिवस रुग्णालयात. वीस तारखेला घरी आणलं. चालतात, बोलतात, विनोदही करतात. हात थरथरतात. मेंदूला काही वेळ हवा पुरली नाही, डॉक्टर म्हणाले. थोडं सुधारेल, किती ते सांगता येणार नाही. काल त्यांनी एका फळीवर रेघ ओढून पाहिली. मग पेन्सिल कानावर ठेवायला गेले, ती दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा त्यांनी ती उचलली नाही.

कपाटं दुसऱ्या सुताराने पूर्ण केली. तो आमच्याच कारखान्यात येऊन काम करत होता आणि हे शेजारी बसून त्याला खिळे देत होते.

ते तुला दोष देत नाहीत. म्हणून ते काम माझ्याकडे आलं आहे.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी. दोन मेला तू सगळ्यांसमोर उभी राहशील, तेव्हा सांग की पान नऊवरचं वाक्य खोटं आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून तुझ्या घरच्या माणसाचं काय झालं ते सांग. सुतारकाम करणारे एक गृहस्थ असं म्हणू नकोस. माझ्या बहिणीचा नवरा, असं म्हण.

तेवढं झालं की लोभाचं पुढे पाहू.

धाकटी


२८ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यायचा हक्क राहिलाय की नाही ते माहीत नाही. सवयीने लिहिते, अ. उ. आ.

तुझा फोन लागत नाही, म्हणजे तू लागू देत नाहीस. तेही बरोबर आहे.

आधी कबूल करायचं ते करते. तीन वर्षांपूर्वी मी डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा भेटले आणि मोठ्या अभिमानाने पुस्तिका हातात ठेवली. त्या पान नऊवर थांबल्या आणि म्हणाल्या, “यातून एक दिवस कुणीतरी मरेल.” आवाज चढवला नाही. मग त्यांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. दम्यात श्वासाच्या नळ्यांना आतून सूज असते आणि रोजचा पंप ती दाबून ठेवतो. तो सोडला तरी काही दिवस बरं वाटतं, कारण आधीचा परिणाम उरलेला असतो. मग सूज गुपचूप परत येते. श्वासाच्या अभ्यासाने माणूस शांत होतो, घाबरणं कमी होतं, दिवस बरे जातात. हे सगळं खरं आहे, पण औषधाच्या जोडीने. सूज त्याने उतरत नाही. मला तेव्हाच पटलं. त्या दिवसापासून पंप चटईशेजारी ठेवल्याशिवाय मी कुणाला वर्गात बसू देत नाही. ज्या पानभर अटी लिहून तुला कंटाळा आणायचा नव्हता, त्यांतली पहिली हीच आहे.

उरलेल्या साडेतीनशे प्रती मी घरी आणल्या. दोन दुपारी बसून प्रत्येकीच्या पान नऊवर, त्या वाक्यावर, पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. तेव्हा तुमच्या कपाटाच्या दारावरचं पान मला आठवलं. विसरले होते असं लिहिणं सोपं होतं. मला ते आठवलं आणि मी पुढची प्रत उचलली. एक ओळ लिहून पाकिटात घालायची होती, बाकी काही नाही. पण मिस्त्री ते पान आल्यागेल्याला दाखवायचे, हे आमच्या मेहुणीबाईंचं म्हणून. जगात तेवढ्या एका घरात मी कधी चुकले नव्हते.

मार्चमध्ये तुला उत्तर लिहायला बसले की डोळ्यांसमोर तीनशे नव्वद यायचे. दुसरं पत्र आलं ते मी कार्यक्रमाच्या कागदांखाली ठेवलं. नंतर लिहू म्हटलं. नंतर म्हणजे कधी, ते तू मला कळवलंस.

दोन मेबद्दल. मी बोलेन, पण त्या दिवशी नको. बाहेरचे पाहुणे असतील, वर्तमानपत्राची माणसं असतील. कार्यक्रम तिथेच बंद पडेल आणि ज्यांना औषधासोबत याचा खरोखर उपयोग आहे अशी तीस माणसं घरी परत जातील. त्यांचा काय दोष? पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत पहिल्याच पानावर मी सगळं स्पष्ट छापते. तोवर मला तिकडे येऊ दे, तुझ्या हाताखाली काहीही करेन.

एक विचारते, रागावू नकोस. वीस मिनिटं कमी नसतात. कारखान्याला काचेचं दार आहे आणि तू बाहेरच्या खोलीत खुर्च्यांच्या गाद्या शिवत असतेस. तेव्हा तू कुठे होतीस?

माया तुटू देऊ नकोस एवढंच.

ताई


६ मे

ताई,

वर्तमानपत्रातला फोटो पाहिला. हातात गुच्छ, मागे पाटी. छान दिसतेस. बातमीत सुतार गृहस्थ कुठे नाहीत, तेवढी मर्यादा पाळलीस.

तू विचारलंस, तर सांगते.

साडेदहाला मी काचेतून आत पाहिलं. ते स्टुलावर ताठ बसले होते, डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. मला बरं वाटलं. कामाच्या घाईत आठ दिवस अभ्यास बुडाला होता, म्हटलं आज आठवण झाली. आवाज आत जाऊ नये म्हणून मी दार हलकेच ओढून घेतलं. शिवणयंत्र थांबवलं. ग्रंथालयातल्या बाई आल्या तेव्हा त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, “जरा थांबा, ते प्राणायामाला बसलेत.” त्या कौतुकाने मान डोलवत बसल्या. आम्ही दोघी हळू आवाजात कापडाच्या रंगांविषयी बोललो. दहा मिनिटांनी त्याच उठल्या, काचेपाशी गेल्या आणि मला विचारलं, यांचे ओठ नेहमी असेच असतात का.

दार मी लावलं, ताई. मिस्त्रींना हे माहीत नाही. त्यांना वाटतं मी आत स्वयंपाकघरात होते. रोज एकदा सांगायला जाते आणि जेवायला वाढून परत येते.

माझा दोष मी तुझ्या गळ्यात घालणार नाही. पण इतकं ऐक. सतरा वर्षांच्या संसारात मला त्यांचा दम दोन भिंतींपलीकडून ऐकू यायचा. लग्न झाल्यापासून माझा एक कान त्यांच्या छातीशी आहे. ते धडपडायचे, खुर्ची पाडायचे, मी पंप घेऊन पोचायचे. तू त्यांना न धडपडता बसायला शिकवलंस. ते आवाज न करता गुदमरले.

येऊ नकोस. ते तुझी चौकशी करतात, मी सांगते ताई कामात आहे. ते खोटंही नाही. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ मी समोर उभी राहून देते. तुझा आवाज फोनमधून काढून टाकला आहे. आमच्या घरात आता कुणी डोळे मिटून बसत नाही.

पत्राच्या शेवटी लिहायचं ते तुला पाठ आहे. ते लिहिलंय असं धरून चाल.

धाकटी


२० मे

ती. ताईंना,
सा. न.

अक्षर पाहून घाबरू नका, पत्र मीच लिहितोय. एरवी माझी रेघ सुतासारखी जायची, आता ती वाटेत चार घरी चहा घेऊन जाते. तुमची बहीण कापड आणायला गेली आहे, तेवढ्यात उरकतो.

तिने तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाही. पण पाकीट चिकटवताना ती त्यावर असा हात दाबते की आत काय असेल ते कळतं. मला एवढंच म्हणायचंय, वाक्य तुमचं होतं, पण करवत माझ्या हातात होती. दिवसातून दोनदा पंप तोंडात धरायचा, गिऱ्हाईक आलं की खिशात कोंबायचा, याला मी विटलो होतो. तो सोडायला कुणाची तरी परवानगी हवी होती. तुमची अकरा वर्षं दारावर चिकटलेली होती.

आणखी एक. त्या सहा महिन्यांत मला दम्याची भीती वाटेनाशी झाली होती. ते काही खोटं नव्हतं. आता औषध वेळेवर आहे, पिपाणी तीनशे वीस दाखवते, पण भीती परत आली आहे. जिना नुसता पाहिला तरी छाती उडते. पंप समोर ठेवून पुन्हा बसावं असं वाटतं. इथले डॉक्टरही म्हणाले, औषध चालू ठेवून खुशाल करा. पण मी डोळे मिटले की ही हाक मारते, नाहीतर भांडं आपटते. परवा मी नुसता दुपारी आडवा झालो होतो, तर गदागदा हलवून विचारलं, पाणी हवंय का. कारण सांगत नाही. तुम्ही मोठ्या, तुम्ही तिला समजवा.

मी लिहिलं हे मात्र सांगू नका, माझी बिनपाण्याने होईल.

माया आहेच. हात सुधारला की तीच पुन्हा बऱ्या अक्षरात कळवीन.

आपला
मिस्त्री


२ जून

चि. धाकटीस,
तू हे उघडशील की नाही इथपासून शंका आहे. उघडलंस तर नेहमीचे आशीर्वाद, घ्यायचे की नाही ते तू ठरव.

मिस्त्रींचं मला पत्र आलं. तुला सांगू नका असं त्यांनी लिहिलं होतं, तरी सांगते आहे. चिकटवून झाकणं माझ्याकडून पुरे झालं. त्यांच्यावर चिडलीस तर ते वाजवी नाही, माझ्यावर चीड.

तेवीस मेला मी वर्गात बोलले. उशिरा बोलले, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते. तीसही जण चटयांवर होते, डॉक्टरीणबाई मागे उभ्या होत्या. मी पुस्तिकेची एक प्रत नेली होती. पट्टी ओली करून सोलून काढली आणि खालचं वाक्य वाचून दाखवलं. म्हटलं, हे मी लिहिलं, हे खोटं आहे, तीन वर्षांपूर्वी मला ते कळलं, आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला मी ते कळवलं नाही. मग त्यांच्या हातांचं सांगितलं. पेन्सिलचंही सांगितलं.

मग पुढच्या रांगेतले बस चालवणारे एक गृहस्थ उठले. त्यांच्याकडे पट्टी न लावलेली प्रत होती, जुन्या बाजारातून घेतलेली. गेले दोन महिने त्यांनी पंप घेतला नव्हता. वर्गात चटईशेजारी ठेवायचे तो रिकामा होता, मला दिसावा म्हणून आणलेला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना तिथूनच आत नेलं. आता ते ठीक आहेत. मला वाटलं होतं की हे सांगितल्यावर तरी छातीवरचं ओझं उतरेल. त्या माणसाचा रिकामा पंप हातात घेतला तेव्हा कळलं की अशा किती प्रती कुठे कुठे आहेत ते मला कधीच कळणार नाही.

कार्यक्रम बंद पडला नाही. मी तुला ज्याची भीती घातली होती ते झालंच नाही. डॉक्टरीणबाईंनी दुसरी शिक्षिका नेमली, चांगली आहे. मला म्हणाल्या की तुम्ही बोललात ते बरं केलंत, आणि उद्यापासून येऊ नका. दोन्ही एकाच वाक्यात. पाटी उतरवली, तिची चार भोकं दारावर आहेत. मला कीव नको. घडलं ते कळवलं.

तुझ्या दाराबद्दल मिस्त्रींना माझ्याकडून कधी कळणार नाही. ते सांगायचं की नाही आणि कधी, हे तुझं आहे. पण तू भांडी का आपटतेस ते या पृथ्वीवर फक्त मला माहीत आहे, म्हणून मागायची हिंमत करते.

मला बोलावू नकोस. माझा आवाजही लावू नका. तुमच्या गावात कुणी चांगला शिकवणारा असेल, डॉक्टरांना विचारून त्याला घरी बोलवा. त्यांना रोज पंधरा मिनिटं बसू दे, रोजचा पंप घेऊन झाल्यावर, निळा पंप मांडीवर ठेवून. तू समोर बस, दार सताड उघडं ठेव, त्यांच्या ओठांवरची नजर हलवू नकोस. त्यांना याची गरज आहे. ते जिन्याला घाबरतात, हे त्यांनी तुला सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी तुला ते मिनिटभरही बघवणार नाही. माझ्यामुळे बघवणार नाही, हे मला माहीत आहे. तू नाही म्हणशील. मी तुझ्या जागी असते तर पत्र फाडून टाकलं असतं. तरी मागते, एका सकाळीपुरतं: त्यांनी डोळे मिटले तर त्यांना हाक मारू नकोस.

ताई